पळून आलेला माणूस

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधले दोन महिने लग्नसराई, पाहुणेरावळे आणि लाईट नसणे यातच गेले. आज दुपारी घरात सामसूम आहे, म्हणून म्हटलं डोक्यात घोळत असलेलं एकदा उतरवून टाकावं. लेख जरा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो. चहा घेऊन बसा.

परवा एका लग्नासाठी नांदेडला गेलो होतो. लातूरहून नांदेड म्हणजे चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटीचा प्रवास. हा रस्ता मला लहानपणापासून पाठ आहे, कारण नांदेड माझं आजोळ. दुसऱ्या दिवशी पहाटेच जाग आली. मांडवात मांडणारे मांडत होते, आपलं तिथं काही काम नव्हतं. भाचीला म्हटलं, चल, गोदावरीवर जाऊन येऊ. ती इंजिनीअरिंगला आहे आणि रात्र रात्र जागून जगभरचे सिनेमे बघते. सचखंड गुरुद्वारात माथा टेकून आम्ही नदीच्या बाजूला आलो आणि बंदाघाटाच्या गुरुद्वारापाशी थांबलो.

"मामा, हा बंदा म्हणजे कोण?"

मी आपला थोडक्यात सांगायला लागलो, की बंदासिंह बहादूर, आधीचं नाव माधोदास, वैरागी होता, इथं त्याचा मठ होता, आणि तो इथं आला कारण... इथं मी थांबलो. "कारण त्याच्या हातून एक पाप झालं होतं आणि ते त्याला सोडत नव्हतं," असं म्हणालो.

"म्हणजे पळून आला होता?"

मी म्हणालो, "हो, तसंच म्हण."

मग ती म्हणाली, की असाच एक थाई सिनेमा आहे, अंगुलिमालावरचा. तिच्या एका मैत्रिणीनं सांगितला होता. बोटांची माळ घालणारा खुनी, त्याच्या मागे राजाचं सैन्य, आणि समोर बुद्ध. "मामा, तुमचा हा बंदा म्हणजे आपल्या नांदेडचा अंगुलिमालच की!"

तेव्हा मी हो हो केलं. पण परतीच्या एसटीत बसल्यावर वाटायला लागलं, की नाही, हे तसं नाही. खरं तर जवळजवळ उलटं आहे. ते उलटं कसं, हे स्वतःलाच नीट सांगण्यासाठी हा लेख.

आधी माणूस कोण ते बघू. १६७० सालच्या ऑक्टोबरात जम्मूकडच्या राजौरीला एका राजपूत घरात एक मुलगा जन्मला. नाव लछमनदेव. डोंगराळ मुलुख, त्यामुळे घोडा, तिरकमठा आणि शिकार हेच त्याचं शिक्षण. परंपरा अशी सांगते, की कोवळ्या वयात त्यानं एक हरिणी मारली. ती गाभण होती. पोट फाडलं तर आत पाडसं, आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत तडफडून मेली. त्या दिवशी या मुलानं शिकार सोडली. थोड्याच दिवसांत घरही सोडलं.

आता विचार करा. त्या काळी शिकार म्हणजे गुन्हा नव्हता. त्याच्या मागे शिपाई लागले नव्हते की कुणी फिर्याद केली नव्हती. आई-बाप, भाऊबंद, सगळ्यांच्या लेखी त्यानं काहीच केलं नव्हतं. पण पळणाऱ्याला शिपाई लागतातच असं थोडंच आहे? काही माणसांचा फौजदार त्यांच्या आतच बसलेला असतो.

जानकीदास नावाच्या वैराग्याबरोबर तो निघाला आणि माधोदास झाला. साधूंच्या जथ्यांबरोबर तीर्थं करत करत दक्षिणेकडे सरकत राहिला. नाशिकला पंचवटीत औघडनाथ नावाचा म्हातारा योगी त्याला भेटला, त्याच्याकडे योग आणि तंत्रमंत्र शिकला. हा योगी वारल्यावर, १६९१-९२ च्या सुमारास, तो गोदावरीच्या काठाकाठानं खाली उतरून नांदेडला आला आणि नदीकाठी मठ बांधून राहिला.

राजौरी ते नांदेड! आज सचखंड एक्स्प्रेसनं अमृतसरहून यायचं म्हटलं तरी माणूस आंबून जातो. हा चालत आला. एका हरिणीपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब.

नांदेडला तो सोळा-सतरा वर्षं राहिला. आयुष्याच्या ऐन उमेदीची वर्षं, विशीपासून अडतिशीपर्यंतची. पुस्तकांत या वर्षांवर जेमतेम दोन ओळी असतात, कारण त्यात घडलं असं काही नाही. पण मला हीच वर्षं सगळ्यात जास्त खुणावतात. या काळात माधोदासाची ख्याती झाली, शिष्य जमले. लोक म्हणत की त्याला सिद्धी प्राप्त आहे. असंही सांगतात, की मठात कुणी साधू पाहुणा आला की तो त्याला आपल्या बाजेवर बसवायचा आणि मंत्रानं बाज उलटी करून पाडायचा. पाहुणा तोंडघशी पडला की हे महाशय हसायचे.

बाजेच्या गोष्टीत चमत्काराचा भाग किती आणि खरं किती हे बाजूला ठेवू. लोकांनी ती जपून ठेवली, यातच बरंच काही आलं. हरिणीच्या पाडसांसाठी कळवळलेला मुलगा अडतिशीत पाहुण्यांना पाडून हसतोय. म्हणजे पाप मागे राहिलं, पण कळवळाही मागेच राहिला. पळून गेलेल्या माणसाचं असं होत असावं. ज्यापासून पळालो त्याच्याबरोबर आपल्यातलं आणखीही बरंच काही तिकडेच राहून जातं, आणि जिथं पोचतो तिथं एक वेगळाच माणूस बसलेला असतो.

आणि मग १७०८ साल उजाडलं.

त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस नांदेडला फार मोठी छावणी पडली. औरंगजेब आदल्याच वर्षी अहमदनगरला मेला होता. त्याचा मुलगा बहादूरशाह गादीवर बसून आता धाकटा भाऊ कामबक्ष याच्यावर चालून हैदराबादेकडे निघाला होता. त्याच्या लवाजम्याबरोबर दहावे गुरू, गुरू गोविंदसिंह, दक्षिणेत आले होते.

गुरूंची तेव्हाची स्थिती आपण लक्षात घेत नाही. आज आपल्यासमोर सोन्याच्या कळसाचं तख्त असतं, रणजितसिंहांनी १८३० च्या दशकात बांधवून घेतलेलं, त्यामुळे गुरू म्हटलं की ते वैभव डोळ्यांसमोर येतं. पण १७०८ मध्ये आलेला माणूस घरदार गेलेला होता. तीन-चार वर्षांपूर्वी आनंदपूर सोडावं लागलं. चमकौरच्या लढाईत थोरले दोन मुलगे गेले. धाकट्या दोघांना सरहिंदचा सुभेदार वजीरखान यानं मारलं, भिंतीत चिणून. आई त्याच दिवसांत गेली. स्वतः रानोमाळ लपत, वेष बदलत त्यांना निसटावं लागलं होतं. शाही फौजा मागे लागलेला, शब्दशः फरार झालेला माणूस म्हणायचं तर तो हा. पण पळता पळताही त्यांनी औरंगजेबाला फारसीत जफरनामा लिहून जाब विचारला होता.

म्हणजे सप्टेंबर १७०८ मध्ये गोदावरीच्या काठावर दोन माणसं समोरासमोर आली. एकाची स्वतःची चार पोरं मारली गेली होती. दुसरा एका हरिणीच्या पाडसांमुळे घर सोडून आला होता.

भेटीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. गुरू मठात आले तेव्हा माधोदास जागेवर नव्हता. गुरू सरळ त्याच्या बाजेवर जाऊन बसले. बरोबरच्या शिखांनी मठातल्याच बकऱ्या कापून रांधायला घेतल्या. वैराग्याच्या मठात मांस! शिष्य धावत गेले. माधोदासानं आपले सगळे मंत्र चालवले, पण बाज काही हलेना. मग तो चिडून आला, समोर बसलेल्या माणसाशी दोन-चार प्रश्नोत्तरं झाली आणि अखेर तो म्हणाला, की मी तुमचा बंदा आहे.

बंदा म्हणजे फारसीत दास, गुलाम. आपल्या मराठीत हा शब्द आला आणि मजा झाली. आपण छातीवर हात मारून म्हणतो, "हा बंदा कुणाला भीत नाही!" दास म्हणवून घेतानाच ऐट. आणि अख्ख्या, न मोडलेल्या रुपयाला आपण म्हणतो बंदा रुपया. माझ्या आजीच्या तोंडी तर हा शब्द सारखा असायचा. मला उगाच वाटतं, की त्या दिवशी मठात या दोन्ही अर्थांचं काहीतरी घडलं. सोळा वर्षं सुटी मोड होऊन विखुरलेला माणूस पुन्हा बंदा झाला.

आणि मग गुरूंनी त्याला काय दिलं? इथं माझी भाचीबरोबरची गफलत मला समजली.

अंगुलिमालाची कथा आठवा. तो पळतोय, बुद्ध शांतपणे चालतायत, आणि तरी तो त्यांना गाठू शकत नाही. तो ओरडतो, थांब. बुद्ध सांगतात, की मी केव्हाच थांबलोय, आता तू थांब. त्यानं शस्त्रं फेकली आणि चीवर घेतलं. पुढची गोष्ट मात्र बरेच जण सांगत नाहीत. भिक्षेला गेल्यावर लोक त्याला दगडं मारायचे, तो रक्तबंबाळ होऊन परत यायचा आणि बुद्ध त्याला म्हणायचे, की सोस, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे. चीवर घेतलं म्हणून हिशेब काही मिटला नाही. थायलंडमध्ये ही गोष्ट घराघरात माहीत असते. तिच्यावर २००३ साली निघालेल्या सिनेमावरून तिथं वादही झाला होता. पण मूळ गोष्टीचा गाभा एवढाच, की धावणाऱ्याला कुणीतरी थांबवलं.

माधोदास मात्र थांबलेलाच होता! सोळा वर्षं नदीकाठी आसन घालून बसला होता. शस्त्र त्यानं पोरवयातच टाकलं होतं. भगवं अंगावर होतंच. अंगुलिमाल ज्या ठिकाणी पोचतो, त्या ठिकाणाहून माधोदासाची गोष्ट सुरू होते. आणि गुरूंनी त्याच्या हातात ठेवले स्वतःच्या भात्यातले पाच बाण.

बाण! ज्या मुलानं एका बाणापायी घर सोडलं, त्याच्या हातात पुन्हा बाण. जोडीला निशाण, नगारा, पंजाबातल्या शिखांच्या नावे हुकूमनामे आणि बिनोदसिंह, बाजसिंह वगैरे मोजके सोबती. जिथून पळून आलास त्या उत्तरेला परत जा, असा त्याचा अर्थ.

मी या प्रसंगाचा बराच विचार केला. गुरूंना हरिणीची गोष्ट माहीत होती की नाही, कोण जाणे. पण माझ्या मनात आलं ते असं, की एका माणसानं नेम धरायचं सोडलं म्हणून जगातले बाण काही थांबत नाहीत. सरहिंदला लहान मुलं भिंतीत चिणली जात होती, तेव्हा माधोदास नांदेडला निष्पाप बसला होता. निष्पाप म्हणजे तरी काय, त्या दिवशी त्याच्या हातून काही घडलं नाही एवढंच. आपल्या हातून पुन्हा चूक होऊ नये म्हणून हातच बांधून घेणं, हेही एक प्रकारचं पळणंच झालं. पळणारा माणूस बसलेला असू शकतो, हे मला या बंदाघाटानं शिकवलं.

नांदेडला असाच आणखी एक पळालेला आहे. शहराबाहेर शिकारघाट आहे, तिथली गोष्ट. सियालकोटचा मूला खत्री गुरू नानकांबरोबर राहिला होता. पुढे गुरू पुन्हा दारात आले तेव्हा बरोबर जावं लागेल या भीतीनं तो घरात लपून बसला, आणि बायकोनं बाहेर सांगितलं की घरी नाहीत. लपला तिथंच त्याला साप चावला. मग जन्मामागून जन्म फिरत फिरत तो नांदेडच्या रानात ससा होऊन आला आणि दहाव्या गुरूंच्या हातून त्याची सुटका झाली, असं शीख मंडळी सांगतात. श्रद्धेची गोष्ट आहे. पण बघा, त्याचं पाप खून नाही की चोरी नाही. दारात आलेल्या माणसाला "घरात नाही" म्हणून सांगणं, एवढंच. हे तर आपण रोज करतो.

असो. गोष्ट बंदाची चालली होती.

तो निघाला आणि त्याच सुमारास नांदेडमध्ये पठाण मारेकऱ्यानं गुरूंवर वार केला. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गुरू गेले. यापुढे ग्रंथच गुरू, असं सांगून गेले. २००८ साली नांदेडला त्याची त्रिशताब्दी झाली तेव्हा शहरातले रस्ते, पूल, घाट सगळं बदलून गेलं होतं, हे नातेवाइकांना आठवत असेलच. आमच्या मामांच्या घरी तेव्हा पंजाबहून आलेले अनोळखी लोक राहून गेले होते.

बंदा उत्तरेत पोचला आणि वर्षभरात त्याच्याभोवती शेतकरी, कारागीर, खालच्या मानलेल्या जातींतली माणसं गोळा झाली. २६ नोव्हेंबर १७०९ ला समाना पडलं. गुरू तेगबहादूरांवर तलवार चालवणारा जल्लाद या गावचा, आणि सरहिंदला मुलांना मारणारेही इथलेच. १२ मे १७१० ला छप्परचिडीच्या मैदानावर वजीरखान मारला गेला आणि दोन दिवसांनी सरहिंद हाती आलं.

मग त्यानं जे केलं ते कुठल्याही राजाला शोभणारं आहे. जमीनदारी मोडली, कसणाऱ्याला जमिनीचा मालक केलं. आपल्याकडे हैदराबादचा कुळकायदा यायला १९५० साल उजाडावं लागलं, त्याच्या २४० वर्षं आधी! लोहगडला राजधानी केली, नाणं पाडलं. त्या नाण्यावर नाव गुरू नानकांचं आणि गुरू गोविंदसिंहांचं. स्वतःचं नाव नाही. जिंकलेल्या मुलखात स्वतःच्या नावाचं नाणं न पाडणारा राज्यकर्ता इतिहासात शोधून बघा, किती सापडतात ते. १७११ च्या एप्रिलमधल्या मोगल दरबारच्या बातमीपत्रात अशी नोंद आहे, की कलानौरला पाच हजार मुसलमान त्याच्या फौजेत सामील झाले आणि त्यांना अजान-नमाजाची मोकळीक होती.

पण दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर हा लेख म्हणजे पोवाडा होईल. समान्यात हजारो माणसं कापली गेली, असं तत्कालीन लेखक सांगतात. सरहिंदची लूट झाली. मोगलांचे बखरकार त्याचे शत्रू होते, त्यांनी वाढवून लिहिलं असेल, हे मान्य. तरी जल्लादाच्या गावातला प्रत्येक जण जल्लाद नव्हता. त्यातही आया असतील, पोरं असतील. एका हरिणीसाठी रडलेल्या माणसाला समान्याच्या त्या रात्री झोप आली असेल का? हा प्रश्न मला नांदेडहून येताना लोह्यापर्यंत सतावत होता.

पुढे त्यालाही फरार व्हावं लागलं, या वेळी खरोखरचं. डिसेंबर १७१० मध्ये बहादूरशाह स्वतः फौज घेऊन लोहगडावर चालून आला. बंदाला घालायला लोखंडी पिंजरा तयार होता. गुलाबसिंह नावाच्या त्याच्या माणसानं त्याचे कपडे घालून जागा घेतली आणि बंदा रातोरात नाहनच्या डोंगरात निसटला. सकाळी मोगलांच्या हाती गुलाबसिंह लागला. बादशहा इतका भडकला, की बंदाऐवजी नाहनच्या राजालाच त्या पिंजऱ्यात घातलं.

राजौरीहून पळाला होता तो आणि लोहगडाहून पळाला तो, माणूस एकच. पण पहिल्यांदा तो पळाला स्वतःपासून, आणि परत फिरायचा विचारही नव्हता. दुसऱ्यांदा पळाला तो परत येण्यासाठी. आणि येत राहिला. डोंगरातून उतरून पुन्हा पुन्हा लढत राहिला, पाच वर्षं. शेवटी गुरदास नंगल इथं आठ महिने वेढा पडला. धान्य संपलं, जनावरं संपली, झाडांची पानं आणि साली खायची वेळ आली. ७ डिसेंबर १७१५ ला तो पकडला गेला.

दिल्लीत त्याची धिंड काढली, त्याच लोखंडी पिंजऱ्याच्या तऱ्हेच्या पिंजऱ्यात, हत्तीवर. मार्च १७१६ पासून त्याच्या माणसांची रोज शंभर-शंभर करून डोकी उडवली. इंग्रज कंपनीचे वकील त्या वेळी दिल्ली दरबारात होते. त्यांनी कलकत्त्याला पत्र पाठवलं, त्यात नवल करून लिहिलं की जीव वाचवण्यासाठी यातल्या एकानंही धर्म सोडल्याचं दिसलं नाही. ९ जूनला मेहरौलीला ख्वाजा कुतुबुद्दीन यांच्या दर्ग्याजवळ बंदाची पाळी आली. त्याचा लहानगा मुलगा अजयसिंह, चारेक वर्षांचा, आधी त्याच्या मांडीवर देऊन मारला. मग त्याला हाल हाल करून.

पाडसांपासून सुरू झालेली गोष्ट पाडसापाशी संपली. याच्यावर मी आणखी काही लिहू शकत नाही.

पण त्याआधीचा एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण समान्याबद्दलच्या माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. मोगल बाजूच्या लेखकांनीच तो नोंदवलाय. मुहम्मद अमीनखान या सरदारानं कैदेतल्या बंदाला विचारलं, की तुझ्या चेहऱ्यावर एवढं शहाणपण दिसतं, मग तुझ्या हातून एवढे अत्याचार कसे झाले? बंदा म्हणाला त्याचा मतलब असा: माणसांची पापं फार वाढली की देव माझ्यासारख्याला त्यांच्यावर धाडतो. आणि मग माझ्यासारख्याच्या पापांची फेड करायला तुमच्यासारख्याला धाडतो.

किती साधं उत्तर आहे. त्यानं "मी काही केलंच नाही" म्हटलं नाही. "माझं सगळं बरोबर होतं" असंही म्हटलं नाही. आपण शिक्षा देणारे होतो आणि शिक्षेला पात्रही होतो, या दोन्ही गोष्टी त्यानं एका दमात मान्य केल्या. हा माणूस आता कुठंही पळत नव्हता.

आता शेवटचं, घरचं. ज्यांना माहीत आहे त्यांनी मुकाट वाचावं, फोन करून नाव घेऊ नये!

आमच्या घराण्यात एक "पळालेले आजोबा" होते. चुलत आजोबा. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी शेतात विहिरीचं खोदकाम चालू होतं. आजोबा बावीस वर्षांचे. सुरुंगाला बत्ती द्यायच्या आधी चहूकडे आरोळी द्यायची असते, माणसं लांब जावीत म्हणून. ती त्यांनी दिली नाही, किंवा उशिरा दिली. मजुराचा दहा-बारा वर्षांचा पोरगा दगड लागून जागीच गेला. गावातल्या मोठ्या माणसांनी मिटवामिटवी केली. आजोबांवर काही आलं नाही. पण त्याच रात्री ते घरातून गेले.

नऊ वर्षं पत्ता नव्हता. पुढं कळलं, की ते नांदेडला होते. घाटावर गोसाव्यांबरोबर राहायचे, लंगरला जेवायचे. आमचं आजोळ नांदेडचं, पण त्यांना तिथं कुणी ओळखलं नाही. दाढीजटा वाढलेल्या माणसाकडे कोण निरखून बघतं?

नऊ वर्षांनी परत आले ते घरी नाही गेले. आधी त्या पोराच्या आईच्या दारात गेले. पुढं काय झालं याबद्दल घरात दोन पाठ आहेत. एक पाठ असा, की तिनं पाणी दिलं. माझी आजी मात्र सांगायची, की बाईनं कवाड लावून घेतलं आणि हे दिवस मावळेपर्यंत ओट्याखाली बसून राहिले. "तिनं पाणी दिलं असं म्हणत्येत ते आपल्या मनाच्या समाधानासाठी रं," असं आजी म्हणायची. मला आजीचं खरं वाटतं.

त्यानंतर आजोबांनी उरलेल्या जन्मात एक गोष्ट केली. गावात, शिवारात, कुणाचीही विहीर खोदली जात असली आणि सुरुंग लागणार असला, की हे तिथं हजर. बांधावर उभं राहून आरोळी द्यायचे. एकदा नाही, तीन-तीनदा. मग स्वतः चहूकडे फिरून बघायचे आणि मगच हात वर करायचे. लोक हसायचे. मी लहानपणी त्यांची ती आरोळी ऐकलीय. सत्तरीचा म्हातारा, पण आवाज पार ओढ्यापलीकडे जायचा. त्या बाईच्या शेतातल्या विहिरीलाही त्यांनीच आरोळी दिली. ती समोर उभी होती म्हणतात, काही बोलली नाही.

त्यांना माफी मिळाली की नाही, मला माहीत नाही. पण ज्या विहिरीपासून ते पळाले, त्याच विहिरीच्या काठावर त्यांनी पुढचं आयुष्य उभ्यानं काढलं. त्यांच्या हातात कुणी पाच बाण दिले नव्हते. नांदेडच्या घाटावर नऊ वर्षं बसून त्यांचे त्यांनीच ते उचलले असावेत.

आता पुढच्या वेळी भाचीला बंदाघाटावर घेऊन जाईन तेव्हा हे सगळं सांगेन. त्या दिवशी घाईत तिला "पळून आला होता" एवढंच सांगून मोकळा झालो. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. घाटाला त्याचं नाव पळून आला म्हणून मिळालेलं नाही. इथून परत गेला म्हणून मिळालंय.

चला, लाईट जायची वेळ झाली. थांबतो.